दोन स्टार मान्य, ‘गंडवलं’ हे मान्य नाही

साहेब, नमस्कार. आमच्या बोटींच्या दुकानाला तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू आला त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो होतो, पण रागात लिहायचं नाही म्हणून दोन दिवस थांबलो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 10 वर्षं उघडी कॅनू (वरून मोकळी, एका पात्याच्या वल्ह्याची होडी) चालवणाऱ्या माणसाला आम्ही जुन्या कयाकची (वरून बंद, बसून दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायची होडी) सीट काढून ‘सी-वन’, म्हणजे एका माणसाची वरून बंद कॅनू, म्हणून गळ्यात मारली. ती उजनीच्या बॅकवॉटरला पहिल्याच दिवशी तीनदा उलटली, पाय बधिर झाले, एकदा बूट आत अडकला आणि महिन्याभरात फोमचं खोगीर (गुडघ्यांवर बसताना टेकायची बैठक) सुटून हातात आलं.

खोगीर सुटलं ती चूक आमची. फोम आम्ही कॉन्टॅक्ट गोंदाने चिकटवतो. आपल्याकडच्या मे महिन्यात बोट गच्चीवर राहिली की आत भट्टी होते आणि गोंद मऊ पडतो. ‘सावलीत, पालथी ठेवा’ एवढं तरी सांगायला हवं होतं, तेही राहिलं. पुन्हा बसवून देतो, पैसे नकोत. या वेळी पुढे-मागे ठोकळे ठासून बसवीन, नुसत्या गोंदाच्या भरवशावर नाही.

कयाकचं मात्र ऐकून घेणार नाही. बिलावर ‘वापरलेली क्रीक कयाक, सी-वनसाठी बदललेली’ असं स्वच्छ लिहिलंय. क्रीक कयाक म्हणजे दगडाळ, उताराच्या ओढ्यांसाठीची कयाक. तयार प्लास्टिकची सी-वन बनवणारे जगातच मोजके, म्हणून बाहेरच्या देशांतही लोक कयाकमध्ये खोगीर बसवूनच चालवतात. वर डेक (बंद आच्छादन), गुडघ्यांवर बैठक, हातात एका पात्याचं वल्हं, झाली सी-वन.

तुम्हाला हवी होती ऑलिम्पिकमध्ये दिसते ती स्लालमची, म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या खांबांच्या गेटमधून वळत जायच्या शर्यतीची. साडेतीन मीटर लांब, जेमतेम 60 सेंटिमीटर रुंद, टोकं इतकी चपटी की गेटमधून वळताना मागचं टोक पाण्याखाली घालायचं. हलकी, कार्बनची. कोलाडच्या कुंडलिका नदीतल्या दगडावर एकदा बसली की फायबरचं काम निघालंच. पहिली बोट म्हणून ती मी तुम्हाला आजही देणार नाही, दुसरी म्हणून हवी तर मागा.

आता उलटण्याचं. तुमची जुनी कॅनू 16 फुटी, रुंदी 90 सेंटिमीटरच्या आसपास. ही 66. त्यात गुडघ्यांवर बसल्याने तुमचं वजन कयाकवाल्यापेक्षा वर. उघड्या कॅनूत खांदा बाहेर टाकला तर ती थोडी कलते आणि तिथे थांबते. हिच्यात मांड्या पट्ट्यांनी बांधलेल्या, त्यामुळे अंग गेलं की बोट गेलीच. कलवायची ती कमरेतून, डोकं बोटीच्या मधोमध ठेवून. तुम्ही वल्हं मारताना खांदा बाहेर टाकता, हे दुकानातल्या फरशीवरच दिसलं होतं. पाण्याची जाण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे, पण ही एक सवय मोडायला दहा-बारा रविवार जातील. रोल, म्हणजे उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं, जमला की काठाला नेऊन पाणी उपसणं संपलं. त्यासाठीच तर डेकची बोट घ्यायची होती ना?

पाय बधिर होण्यात अर्धा दोष माझा. आठवत असेल, आपली सोलापुरी चादर घडी घालून तुम्हाला त्यावर 20 मिनिटं बसा म्हणालो होतो. आठव्या मिनिटाला तुम्ही चुळबुळ सुरू केलीत. खोगीर खाली असेल तर बोट स्थिर, पण घोटे दाबले जातात. वर घेतलं तर पायांना आराम, बोट डुगडुगते. तुम्ही ‘अजून कापा’ म्हणालात आणि मी कापलं. तिथे ऐकायला नको होतं. खोगीर दोन बोटांच्या जाडीइतकं वर घेऊ, घोट्यांखाली मऊ फोम देऊ.

बूट अडकल्याचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. जाड तळव्याचा, लेसचा बूट खोगिराशेजारी अडकतो आणि तेव्हा डोकं पाण्याखाली असतं. पातळ तळव्याचे, बिनलेसचे घाला. कंबरभर पाण्यात, शेजारी माणूस उभा करून, पट्टी ओढून बाहेर पडायचा सराव करा. हात आपोआप पट्टीवर जाईपर्यंत कोलाडला जाऊ नका. हे विकतानाच करून घ्यायला हवं होतं. यापुढे त्याशिवाय बोट दुकानाबाहेर जाणार नाही.

रविवारी सकाळी बोट घेऊन या. तेच बूट घालून या, कुठे अडकतात ते बघू.