शिफारसपत्र घ्यावं तर मोठ्या माणसाचं

अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशाला बऱ्याच ठिकाणी तीन शिफारसपत्रं मागतात. ती देणारा माणूस मोठा असावा, बाकी काही बघू नका. विभागप्रमुख, माजी कुलगुरू, जमल्यास एखादे मंत्री. त्यांची-तुमची ओळख नसेल तर उत्तमच. ओळख नसली की दोषही ठाऊक नसतात.

ज्या मॅडमनी तुमच्या प्रबंधाचा मसुदा चारदा लाल करून परत दिला, प्रयोग फसल्यावर तुम्ही दोन दिवस चूक शोधत बसलात हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. एक तर त्या साध्या सहायक प्राध्यापक. दुसरं म्हणजे त्या खरंच लिहितील! चूक कुठे होती, तुम्ही ती कशी पकडली, असले घरगुती तपशील. निवड समितीला 'मेहनती, प्रामाणिक व मनमिळाऊ' एवढं पुरतं. ढीगभर अर्जांत तेच वाचून त्यांना ते पाठ झालेलं असतं, म्हणजे वाचायचे कष्टही वाचतात.

एक पत्र, ज्यांच्या विषयात सर्वांत जास्त गुण पडले त्या सरांचं घ्या. ते लिहितील, 'माझ्या विषयात उत्तम गुण मिळवले.' गुणपत्रिकेत ते आहेच; पण चांगली गोष्ट दोनदा सांगितलेली बरी.

मोठी माणसं कामात असतात. ती म्हणतील, "तूच लिहून आण, मी सही करतो." हा तर आशीर्वाद समजा. तिन्ही पत्रं एका बैठकीत लिहा. तिघांनाही तुम्ही 'असामान्य प्रतिभेचे' वाटावेत आणि तिघांचं शुद्धलेखन एकाच शब्दाला चुकावं, याहून भक्कम एकमत ते कोणतं? अमेरिकी विद्यापीठं अर्जात विचारतात, पत्र पाहण्याचा १९७४ च्या कायद्यानं मिळणारा हक्क सोडता का? बेलाशक सोडा. आपणच लिहिलेलं पत्र पुन्हा काय पाहायचं?

किरकोळ अडचण एकच. पत्र अपलोड करायची लिंक थेट साहेबांच्या ईमेलवर जाते, आणि तिथे 'हा विद्यार्थी पहिल्या ५ टक्क्यांत की १० टक्क्यांत?' असे रकानेही भरावे लागतात. महिनाभर आधी सांगून त्यांना त्रास देऊ नका. मुदतीच्या रात्री साडेअकराला फोन लावा. लिंक स्पॅममध्ये पडलीय, एवढंच नम्रपणे सांगायचं.

"बरं, बरं," साहेब म्हणतील. "पण आपण कोण?"