कुलाब्यातला वूडू आणि तिथले शनिवार

कुलाब्यात रेडिओ क्लबच्या जवळ, समुद्राला लागूनच आर्थर बंदर रोड आहे, अत्तराच्या दुकानांचा. तिथल्या एका जागेचा विषय निघाला की जुने मुंबईकर एकच किस्सा सांगतात, १९७२ ला इथे स्लिप डिस्क नावाचा डिस्को होता आणि लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट इथे वाजवून गेले. भारीच आहे ते, मान्य. पण त्याच जागेत पुढे वूडू पब आला आणि तिथे कित्येक वर्षं शनिवारी गे नाइट व्हायची हे कोणीच सांगत नाही, आणि मला याचा खरंच राग येतो.

नव्वदचं दशक आठवा जरा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम लागू, कायद्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा. गे हक्कांसाठी लढणाऱ्या अशोक राव कवींनी १९९० ला 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं मासिक काढलं, १९९४ ला त्यांच्यासाठीच काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था उभी राहिली, पण भेटायचं कुठे? स्टेशन, बाग, लोकलचा डबा, आणि तिथे सतत धाकधूक, पोलीस पकडेल, कोणीतरी घरी सांगायची धमकी देऊन पैसे उकळेल. अशा शहरात आठवड्यातून एक रात्र एक दार उघडं असायचं, ज्याच्या आत दोन पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचले तरी कोणी वळून बघायचं नाही. जागा काही चकाचक नव्हती, पण विरार-डोंबिवलीहून येणाऱ्या पोरांना त्याचं काय, आठवडाभर ऑफिसात आणि घरी खोटं बोलून थकलेली असायची ती.

अर्थात सगळ्यांना ते परवडायचं नाही, बायकाही कमीच दिसायच्या, हेही खरंय.

मग २००९ ला समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा दिल्ली हायकोर्टाचा निकाल आला, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला, शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानेच ते गुन्ह्यातून काढलं. आता ललित हॉटेलमध्ये किटी सू नावाचा नाइटक्लब आहे, तिथे ड्रॅग शो (बहुतेक पुरुष कलाकार बायकी वेशात करतात तो कार्यक्रम) होतात, त्या हॉटेलवाल्या केशव सुरींनी तर स्वतः ३७७ विरुद्ध याचिका केली होती. मला मनापासून आनंद आहे याचा. पण आजच्या विशीतल्या पोरांना वूडू माहीतच नाही, पब कधीच बंद झाला, आणि फोटो तरी कुठून असणार, फोटोत दिसणं म्हणजे नोकरी आणि घर दोन्ही जायची भीती.

तिथे जाणारे आता पन्नाशी-साठीला आलेत. त्यांच्याकडून हे सगळं आत्ताच ऐकून रेकॉर्ड करून ठेवायला हवं, मराठीत सुद्धा, नाव नको असेल त्यांचं नाव न घालता.