दुदू संपलं!

आमचे चिरंजीव दोन वर्षं तीन महिन्यांचे झाले, तोंडात सोळा दात आले, वरणाला मीठ कमी आहे असं सांगायला लागले, तरी अंगावरचं दूध काही सोडेनात. संध्याकाळी डोंबिवली स्टेशनवरून घामाघूम होऊन घरी यावं तर चपला काढायच्या आत साहेब ओढणीला लटकलेले, "दुदू!" रिक्षातसुद्धा तेच, लग्नाच्या पंगतीत तेच, आणि आवाज असा की मांडवातले बँडवाले वळून बघतील.

गंमत म्हणजे ज्या बायकांनी बाळंतपणात "दूध पुरतंय ना गं? अळीव खा, डिंकाचे लाडू खा, शतावरी घे" करून माझा जीव खाल्ला, त्याच आता गालावर बोट ठेवून "अगंबाई, अजून पाजतेस?" म्हणून विचारतात. म्हणजे मधे नेमका कुठला मंगळवार बरोबर होता ते तरी सांगून ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्तही पाजा. मान्य आहे, पण जागतिक आरोग्य संघटना आमच्या वन बीएचकेत रात्री दोनला, साडेतीनला आणि पाचला उठत नाही ना. मी उठते, आणि मग ६:४८ची लोकल पकडते.

तर सोडवायचं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "काही नाही गं, कडुनिंब वाटून लाव, एका दिवसात सुटतं, तुझ्या नवऱ्याचं तसंच सोडवलं." गेटशी झाड आहेच. आईंनी कोवळा पाला आणून पाट्यावर वाटला, मी तो हिरवा लगदा लावून, गाऊनची वाट लावून, सोफ्यावर बसले. चिरंजीव आले, तोंड लावलं, थबकले, एक डोळा बारीक केला. आम्ही दोघी श्वास रोखून. त्याने एकदा ओठ चाटले, मान वर केली आणि म्हणाला, "आजी, गूळ?"

पाडवा होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते हो. आणि याच आजीने नातवाला मांडीवर घेऊन कडुनिंबाची चटणी गूळ, हिंग, ओवा घालून कौतुकाने चाटवली होती, वर सगळ्या मजल्याला सांगून आल्या होत्या की आमचा बाळ तोंडसुद्धा वाकडं करत नाही! आता घ्या.

दुसरा उपाय माझ्या बहिणीचा, बँडेड लावायचं आणि बाऊ झालाय म्हणायचं. लावलं. चिरंजीवांचा चेहरा असा पडला की मलाच रडू आलं. मग त्याने फुंकर घातली, बोरोलीन आणलं, माझ्या कपाळाला रिमोट लावून ताप बघितला आणि त्यानंतर दर दहा मिनिटांनी येऊन "बला झाला?" रात्री दोनला पण "बला झाला?" साडेतीनला पण. म्हणजे झोप गेली ती गेलीच, वर डॉक्टर राउंडला. शिवाय पाकिटातली उरलेली सगळी बँडेडं आजोबांच्या गुडघ्यावर, ती निघताना केसांसकट निघाली आणि आजोबा जे ओरडले त्यात माझ्या माहेरचाही उल्लेख होता.

शेवटी खऱ्या डॉक्टरांकडे गेले. बाई म्हणाल्या, एकदम तोडायचं नाही, त्याला त्रास आणि तुम्हालाही. एकेक वेळ कमी करा, आधी दुपारचं, मग चारपाच दिवसांनी पुढचं, रात्रीचं सगळ्यात शेवटी, आणि रात्री बाबाला जवळ झोपवू दे. मी अतिशहाणी, शनिवार रविवारला सुट्टी आहे तर उरकून टाकू म्हणून सगळंच बंद केलं. रविवारी छाती दगडासारखी, हात वर होईना, अंग कणकण. थोडं थोडं दूध हाताने काढायचं आणि फ्रीजमधली गार कोबीची पानं ठेवायची, तेवढाच थंडावा. आई स्वयंपाकघरातून "अगं, भाजीला आणलेला कोबी अर्धाच कसा?" नवऱ्याने तोंड उघडलं होतं, मी नुसतं बघितलं, मिटलं.

मग मुकाट्याने डॉक्टरांच्या पद्धतीने. महिना सव्वा महिना लागला. रात्रीची ड्यूटी नवऱ्याकडे, पहिल्या तीन रात्री रडारड, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी लिफ्टमध्ये बघून मान फिरवली. चौथ्या रात्री बापलेक जेसीबीची गोष्ट ऐकत झोपले, म्हणजे बाप आधी झोपला, गोष्ट पोराने पूर्ण केली. आणि मी पलीकडच्या खोलीत दोनला, साडेतीनला, पाचला टक्क जागी, आता हाक मारेल, मग मारेल. नाहीच मारली. मेलं, राग आला थोडा.

त्याला सांगितलं होतं, "दुदू संपलं." त्याने ते वॉचमनला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, व्हिडिओ कॉलवर माझ्या मामेसासऱ्यांना सांगितलं. परवा सकाळी दूधवाले आले, मी दार उघडलं, हा पायातून पुढे घुसला आणि हात नाचवत म्हणाला, "काका, आईचं दुदू संपलं!"

दूधवाल्याने कानावरचं पेन काढलं, वही उघडली. "मग वैनी, उद्यापासून अर्धा लिटर वाढवू का एक?"