मुलांचं इन्सुलिन ‘एक दिवस थांबवून बघा’ म्हणणाऱ्यांना

‘इन्सुलिनची सवय लावू नका, मूल वाचवा’ असा एक मेसेज सध्या फिरतो आहे. परवा तो माझ्या सासूबाईंच्या फोनवर आला. नातीच्या काळजीने त्यांनी मला विचारलं, “एक दिवस थांबवून बघायचं का गं?” त्यांच्यावर माझा राग नाही. माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. नातीला रोज इन्सुलिन टोचावं लागतं हे बघून त्यांचा जीव कासावीस होतो. राग आहे तो हे लिहिणाऱ्यावर, आणि न वाचता पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकावर.

मेसेजातले दावे थोडक्यात असे: इन्सुलिनची सवय लागते आणि स्वादुपिंड आळशी होतं, ४० दिवस काढा घेतला की इन्सुलिन सुटतं, आईने गोड खाल्लं आणि खाऊ घातलं म्हणून मुलाला मधुमेह होतो, अशा मुलांना खेळू देऊ नये, आणि हे सगळं औषध कंपन्यांचं कारस्थान आहे.

सवयीचा मुद्दा आधी घेते, कारण जीव घेणारा मुद्दा तोच आहे. इन्सुलिन हे बाहेरून आणलेलं परकं रसायन नाही. निरोगी माणसाच्या शरीरात ते चोवीस तास तयार होत असतं. टाइप १ मधुमेह झालेल्या मुलाच्या स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी त्याच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट करत आणलेल्या असतात. त्या आळशी झालेल्या नसतात, त्या संपत आलेल्या असतात. टोचणं बंद केल्याने त्या जाग्या कुठून होणार?

आणि इन्सुलिनमुळेच मुलं परावलंबी होत असतील, तर इन्सुलिन नव्हतं तेव्हाची मुलं ठणठणीत असायला हवी होती. त्यांचं काय झालं, हे नीट नोंदलेलं आहे. १९२२ पूर्वी उपलब्ध असलेला सर्वांत चांगला उपचार म्हणजे फ्रेडरिक ॲलन या अमेरिकी डॉक्टरांचा उपासमारीचा आहार. मुलं त्यावर काही महिने, फार तर काही वर्षं तग धरायची, हाडांचा सापळा होऊन. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. अर्क अशुद्ध होता, फारसा गुण आला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा दिला आणि मुलाच्या रक्तातली साखर उतरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज तिथे पोचली. निदान १९१९ चं, तेव्हापासून ॲलन यांचा आहार. वयाच्या १५ व्या वर्षी तिचं वजन २० किलोंच्या आसपास होतं. इन्सुलिन सुरू झालं, ती शिकली, तिने संसार केला, मुलं वाढवली आणि १९८१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी वारली. ‘सवय’ लागल्यावरचं आयुष्य हे असं असतं. सवय न लागलेली मुलं तिच्या आधी गेली.

आता ‘एक दिवस’ म्हणजे काय ते सांगते. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरपूर असूनही ती पेशींना वापरता येत नाही. शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून तयार होणारी कीटोन नावाची आम्लं साचतात, रक्त आम्लधर्मी होतं. मुलाला तहान लागते, सारखी लघवी होते, मग पोटात दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरजोरात चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, मूल गुंगतं. हे व्हायला महिने लागत नाहीत. इन्सुलिन पूर्ण बंद झालं तर काही तासांतही सुरुवात होते. घरातल्यांना वाटतं, पोट बिघडलं. आणि मग ‘आज जेवलं नाही, तर आज इन्सुलिनही नको’ अशी दुसरी चूक होते. खरं तर आजारपणात इन्सुलिनची गरज बऱ्याचदा वाढते. डोस कमीजास्त करायचा असेल तर तो साखर आणि कीटोन तपासून, डॉक्टरांना विचारून. पूर्ण बंद कधीच नाही.

ऑस्ट्रेलियात टूवुंबा इथे जानेवारी २०२२ मध्ये आठ वर्षांच्या एका मुलीचं इन्सुलिन थांबवलं गेलं. देव बरं करील, अशी त्या धार्मिक गटाची श्रद्धा होती. मुलगी काही दिवसांत गेली. जानेवारी २०२५ मध्ये तिच्या आईवडिलांसह १४ जण मनुष्यवधाचे दोषी ठरले.

काढ्याच्या दाव्यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. मेसेजात एका मुलाचा डोस काही आठवड्यांत जवळजवळ शून्यावर आल्याचं लिहिलं आहे. असं होऊ शकतं. निदानानंतर इन्सुलिन सुरू झालं की उरल्यासुरल्या बीटा पेशींना थोडी उसंत मिळते आणि काही काळ त्या बरं काम करतात. डॉक्टर याला हनिमून फेज म्हणतात. काही मुलांत ती येतच नाही, काहींत काही महिने टिकते, क्वचित वर्षभर किंवा त्याहून जास्त. तेवढ्यात जो कुणी काढा, पुडी, अंगारा देत असतो, त्याला श्रेय मिळतं. फेज संपते तेव्हा तो माणूस फोन उचलत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं टेप्लिझुमॅब हे औषध १४ दिवस शिरेतून द्यावं लागतं आणि लक्षणं दिसण्याआधीच द्यावं लागतं. तेही आजार थांबवत नाही, चाचण्यांत तो साधारण दोन वर्षं पुढे ढकलला गेला. एवढ्या प्रयत्नांनी जे साधलं ते एवढंच. आणि हे लोक पाला उकळून ४० दिवसांत बरं करायला निघाले आहेत!

आईच्या खाण्याचा मुद्दा. हा मला सर्वांत नीच वाटतो. टाइप १ गोड खाल्ल्याने होत नाही. प्रतिकारशक्तीचा हल्ला लक्षणांच्या कितीतरी महिने, वर्षं आधी सुरू झालेला असतो. काही मुलांच्या रक्तात त्याच्या खुणा तान्हेपणीच सापडतात. खाणं, वजन यांच्याशी जास्त संबंध असतो तो टाइप २ चा, आणि मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच माळेत ओवले आहेत. नुकतंच निदान झालेल्या मुलाची आई आधीच रात्ररात्र स्वतःला दोष देत असते. तिच्या हातात हे वाक्य ठेवणं म्हणजे ‘तूच केलंस’ असं सांगणं. आणि ज्या आईला अपराधी वाटतं ती काहीही करून बघायला तयार होते. हा मेसेज चालतो तो याच जोरावर.

खेळाबद्दल एवढंच: या मुलांनी खेळायलाच हवं. आधी साखर बघायची, लागलं तर थोडं खायला द्यायचं, साखर ७० च्या खाली गेली तर खेळ थांबवून लगेच ग्लुकोज द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शाळेत एका शिक्षकाला हे येत असलं की मूल सहलीलाही जातं.

कंपन्या नफा कमावतात हे खरं आहे. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचं पेटंट टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिलं होतं, आणि आज जगातलं बहुतेक इन्सुलिन तीन बड्या कंपन्या विकतात. त्यावर जरूर भांडा, मीही भांडते. पण त्याचा राग मुलाच्या डोसवर काढू नका.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. मग त्यांनी ग्लुकोमीटर मागून घेतला, साखर लो झाली की काय दिसतं ते विचारलं, घाम, थरथर, चिडचिड, आणि पुढच्या शनिवारी संध्याकाळी मुलीला मी सांभाळते, तुम्ही दोघं झोपा, म्हणाल्या. ज्यांना मेसेज पाठवून मदत केल्यासारखं वाटतं त्यांनी हे शिकून घ्यावं. अशा घरांत झोपेची फार ओढाताण असते.