‘विरंगुळा’ या शब्दाबद्दल

‘सरकारी अहवालांना कोण विचारतं?’ हा लेख गेल्या महिन्यात इथं टाकला, तेव्हा त्यावर कुणी दोन ओळींपलीकडे लिहील असं वाटलं नव्हतं. ‘एक संशोधक’ या नावानं एका वाचकानं चांगला पानभर मजकूर लिहिलाय. प्रतिक्रियेच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून स्वतंत्र लिहितोय.

ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. केंद्र सरकारच्या काही अहवालांचा दाखला पुढच्या संशोधनात कुठं कुठं दिला गेला, हे मी मोजतोय. गूगल स्कॉलरवर (संशोधनपर लेखांचा गूगलचा शोध) आणि हाती लागतील त्या प्रबंधांच्या संदर्भसूच्या चाळून. संशोधक महाशयांचं म्हणणं थोडक्यात असं: स्कॉलरचे आकडे फुगीर असतात, वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस या दाखल्यांच्या सशुल्क सूचींवर मोजायला हवं होतं. जनगणनेतला आकडा कुणी उचलला म्हणजे जनगणनेचा प्रभाव पडला असं होत नाही. हर्श यांचा एच-निर्देशांक (कुणाच्या किती लेखांना किती दाखले मिळाले यावरून काढलेला आकडा) 2004 चा नाही, 2005 चा. आणि शेवटी हे वाक्य: ‘हातानं याद्या तपासत बसणं हा निवृत्त ग्रंथपालांचा विरंगुळा झाला, मापन नव्हे.’

चूक आधी कबूल करतो. 2005 च. 2004 हे स्कॉलर आणि स्कोपस सुरू झाल्याचं साल, डोक्यात तेच घोळत होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता विरंगुळा. पहिली गोष्ट, मी ग्रंथपाल नव्हतो. ग्रंथालय सहायक म्हणून लागलो आणि सहायक म्हणूनच निवृत्त झालो; ग्रंथपाल वेगळे होते, त्यांना केबिन होती. दुसरी गोष्ट, आम्ही सोलापूरकर विरंगुळा म्हणतो तो संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी शेंगा फोडत बसण्याला. तोही मी करतो. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली बसून दुसऱ्यांच्या प्रबंधांची शेवटची तीस-तीस पानं चाळणं त्यात मोडत नाही. एकदा करून बघा, मग शब्द निवडा.

आणि ‘हातानं’ या शब्दात एवढं हिणवण्यासारखं काय आहे? 1927 साली ग्रॉस आणि ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजनं रसायनशास्त्राची कुठली नियतकालिकं घ्यावीत हे ठरवायला एका मासिकाच्या अंकांमधले संदर्भ मोजले. कशानं मोजले? तेव्हा संगणक कुठून आणणार? तुम्ही ज्या वेब ऑफ सायन्सच्या नावानं मला गप्प करताय त्याचं मूळ युजीन गारफिल्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये (कुणी कुणाचा दाखला दिला याची सूची), आणि गारफिल्ड यांनी रसायनशास्त्राबरोबर ग्रंथालयशास्त्राचीही पदवी घेतली होती. आपले रंगनाथन गणित शिकवता शिकवता 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1948 मध्ये ‘लायब्रामेट्री’ (ग्रंथालयातलं मोजमाप) हा शब्द त्यांनीच पुढे मांडला. ‘बिब्लिओमेट्रिक्स’ (ग्रंथ, लेख आणि दाखल्यांची मोजणी) हा शब्द रूढ झाला तो 1969 नंतर, प्रिचर्ड यांच्या लेखामुळे. म्हणजे मोजण्याची ही विद्या ग्रंथालयाच्या टेबलावर जन्मली, आणि आता तिच्याच जोरावर ग्रंथालयातल्या माणसाला शिकवायला निघालात. असो. जास्त बोलत नाही.

थोडं बोलतोच. माझी मोजणी कशी सुरू झाली ते तुम्हाला माहीत नाही. नव्वदच्या दशकात आमच्या कॉलेजात जागेची अडचण झाली, तेव्हा तळमजल्यावरचे सरकारी अहवाल रद्दीत काढायचा हुकूम झाला. वरच्यांनी विचारलं, ‘हे कोण वाचतं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. इश्यूच्या रजिस्टरात त्यांची नोंदच नसायची, कारण ती पुस्तकं घरी न्यायला द्यायची नाहीत असा नियम. लोक तिथंच बसून उतरवून घ्यायचे. गठ्ठे बांधताना त्यात ‘श्रमशक्ती’ हा अहवाल सापडला, 1988 चा. इला भट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा, असंघटित क्षेत्रातल्या आणि स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांबद्दलचा. घरी बसून काम करणारी बाईसुद्धा कामगारच धरावी, असं त्यात म्हटलंय. ते वाचून मी गठ्ठा सोडला. आमची अम्मा (घरात आम्ही तेलुगू बोलतो, लिहिणं-वाचणं मराठीत) चाळीस वर्षं विड्या वळायची. माल द्यायला गेली की तपासणारा त्यातल्या मूठभर ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा आणि तेवढ्याचे पैसे कापायचा. छाट विड्या परत मात्र मिळायच्या नाहीत. तिला कुणी कामगार म्हणालेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

तो अहवाल मी रद्दीत जाऊ दिला नाही. कसा, ते विचारू नका.

त्यानंतर जो कुणी प्रबंध घेऊन यायचा त्याच्या संदर्भसूचीत मी तो अहवाल शोधायचो. आणि इथंच तुमच्या ‘वेब ऑफ सायन्सवर मोजा’ या सल्ल्याची गंमत आहे. तिथं मूळ नोंदी असतात त्या मुख्यतः निवडक नियतकालिकांच्या. सरकारी अहवालाला तिथं स्वतःचं पान नाही. तो दिसतो फक्त दुसऱ्याच्या संदर्भसूचीत, आणि त्या लेखकानं जसं लिहिलं असेल तसा. हा एकच अहवाल मला ‘श्रमशक्ती 1988’ म्हणून दिसलाय, ‘भारत सरकार 1988’ म्हणून, आयोगाच्या लांबलचक नावानं, त्या नावाच्या आद्याक्षरांनी, आणि एकदा चक्क ‘भट, इ.’ म्हणून. यंत्राला ही पाच वेगळी पुस्तकं वाटतात. 1961 च्या जनगणनेचं तेच. कुणी ‘महानिबंधक’ (जनगणना करणाऱ्या कचेरीचे प्रमुख) लिहितं, कुणी ‘सेन्सस ऑफ इंडिया’, कुणी त्या वेळचे महानिबंधक म्हणून अशोक मित्रा यांचं नाव टाकतं, कुणी एखाद्या गावाच्या पाहणीची पुस्तिका वापरून संदर्भ देताना अख्ख्या जनगणनेचं नाव घेतं. मुस्लिम समाजाच्या स्थितीवरचा सच्चर समितीचा 2006 चा अहवाल ‘सच्चर’खाली सापडतो, ‘पंतप्रधानांची उच्चस्तरीय समिती’खाली सापडतो, आणि ‘जीओआय 2006’ (जीओआय म्हणजे गव्हर्नमेंट ऑफ इंडिया) असाही सापडतो. त्यात ‘2006 अ’ आणि ‘2006 ब’ असेल तर विचारूच नका; एकाचा ‘अ’ तो दुसऱ्याचा ‘ब’.

कॅटलॉगचं कार्ड लिहिताना आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट म्हणजे सरकार लेखक असेल तर शीर्षक कसं बांधायचं: आधी देश, मग खातं, मग कचेरी. टिंबसुद्धा चुकायला नको. संशोधकांना हे कुणी शिकवत नाही, आणि तुम्हीच म्हणता त्याप्रमाणे तुम्ही संशोधक आहात. स्कॉलरवर आकडे फुगतात हे खरं, एकच लेख दोनदा मोजला जातो हेही खरं. पण तिथं निदान मजकूर न सापडलेल्या अहवालाचीसुद्धा चौकोनी कंसातली नोंद दिसते. तिच्या चार भावंडांना शोधून हातानं एकत्र बांधता येतं. हे बांधणं म्हणजेच माझं काम. तुम्ही ज्याला विरंगुळा म्हणता.

राहिला प्रश्न ‘आकडा उचलणं म्हणजे प्रभाव नव्हे’ हा. बरं, नसेल. मी लेखात ‘प्रभाव’ हा शब्द दोनदा वापरलाय, तुम्ही नऊ वेळा. दाखला देणाऱ्यानं तो कशासाठी दिला हे त्यालाच विचारायला हवं, आणि हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन एकेकाला गाठण्याइतकं माझं पेन्शन नाही. एच-निर्देशांक एखाद्या मंत्रालयाला लावावा का, यावर तुम्ही जो परिच्छेद लिहिलाय तो मला नीट कळला नाही. पुन्हा वाचला, तरी नाही.

स्वर चढला असेल तर माफ करा; तुमचाही चढलेलाच होता. एक विचारायचं राहिलं. प्रतिक्रियेच्या मध्यावर तुम्ही म्हणता, ‘जीओआय 2006 मध्ये हे पुरेसं स्पष्ट झालेलं आहे.’ त्या वर्षी भारत सरकारनं बरंच काही छापलं. त्यातलं नेमकं कुठलं, आणि पान कितवं, तेवढं कळवा. मोजणीत धरतो.