हात न दाखवून अवलक्षण

मंगळवारी सकाळी ९:२६ ची बस माझ्यासमोरून, अगदी हातभर अंतरावरून, माझ्या पँटवर डबक्यातलं पाणी उडवत निघून गेली आणि त्याबद्दल मी शेजारच्या आजींना सॉरी म्हणालो. मी! बस माझी चुकली, पँट माझी भिजली, १० च्या सेमिनारला उशीर मला होणार, आणि सॉरीपण मीच. आज शुक्रवार आहे, नोव्हेंबर २०२४ मधला. अजून रात्री पडल्या पडल्या ते सॉरी आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो.

तर इंग्लंडात लीड्सला शिकायला येऊन मला दीड महिना झालाय, राहायला हेडिंग्लीत, स्टॉप ऑटली रोडवर. इथे बस आपण होऊन थांबत नाही, हात दाखवावा लागतो, कारण एकाच स्टॉपवर तीन-चार नंबरच्या बस येतात आणि कोणाला कुठली हवीय ते ड्रायव्हरला काय स्वप्नात दिसणार. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, म्हणजे दोन बस गेल्यावर कळलं. मी पुण्यात चार वर्षं पीएमटीनं फिरलेला माणूस (पीएमपीएमएल होऊन १७ वर्षं झाली तरी ती पीएमटीच). तिथे हात दाखवा, शिट्टी मारा, नाहीतर रस्त्यात आडवे पडा, बस थांबायची ती स्टॉपच्या पुढे पन्नास पावलांवर, आणि मग सगळ्या स्टॉपनं सॅका सांभाळत पळायचं. इथे हात वर केला की बस गपचूप पायाशी येऊन उभी राहते, गरीब गाईसारखी. त्यामुळे हात दाखवायला माझी ना नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की रांगेत दोन माणसं असतील तर तो कोणी दाखवायचा?

माझ्या मते पहिला नंबर ज्याचा, त्याचा मान. पंगतीत थोरल्यांनी सुरुवात केल्याशिवाय मी कधी भाताला हात लावला नाही, मग बसला कसा दाखवणार?

आणि पहिला नंबर होता आजींचा. सत्तरी ओलांडलेल्या, कोटावर लाल पॉपी (युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी नोव्हेंबरात सगळे लावतात), केसांवर पारदर्शक प्लास्टिकचा रुमाल हनुवटीखाली गाठ मारून बांधलेला, हातात चौकडीच्या कापडाची चाकांची पिशवी. शेल्टरमधला बाक इतका तिरका असतो की त्यावर बसलं तर माणूस घसरगुंडीसारखा खाली येतो, म्हणून आम्ही दोघंही उभे. मधे एक छत्री उघडेल एवढं अंतर. इथे दोन माणसांचीपण रांग होते. खरं तर एका माणसाचीपण होते, एकटा माणूससुद्धा स्टॉपवर असा उभा असतो की पाहणाऱ्याला कळावं, हा रांगेत आहे.

बस दिसली. मी आजींकडे बघितलं. आजींनी हात उचलला. मी मनात म्हटलं, चला, झालं काम, आणि कार्ड काढायला खिशात हात घातला. आणि आजींनी तो हात असा हलवला की काय सांगू, जेवण झाल्यावर वाढपी परत आला की आपण पानावर हात आडवा धरून 'नको नको, पोट भरलं' म्हणतो ना, डिट्टो तसा. ड्रायव्हरनं आतून अंगठा दाखवला, ओळखीचं हसला, आणि गेला. पाणी उडवून.

"अरे, तुला हवी होती का ती, लव्ह?" (लव्ह म्हणजे आपलं 'बाळा'.)

"सॉरी," मी म्हणालो.

"असू दे," आजी म्हणाल्या. म्हणजे मला माफ केलं त्यांनी. मोठ्या मनानं.

मग कारण सांगितलं. "माझा पास चालत नाही ना, व्हाइल हाफ नाइन." इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत मला लिसनिंगला नऊपैकी साडेआठ आहेत. त्यातलं 'हाफ नाइन' लगेच कळलं, ते आपलं साडेनऊच. पण 'व्हाइल'? साडेनऊ वाजत असताना चालत नाही? मग कधी चालतो? दोन मिनिटं मी नुसती मान हलवत होतो. शेवटी ट्यूब पेटली की ह्या भागात, यॉर्कशरमधे, 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत'. दुकान नऊ व्हाइल पाच. परीक्षेला एवढे हजार भरले त्यात हे कुठेच नव्हतं.

तर भानगड अशी, की इंग्लंडमधे म्हाताऱ्या माणसांना बसचा पास फुकट असतो, पण बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी तो चालत नाही. आणि म्हातारी माणसं तर जगात सगळीकडे पहाटे उठून बसलेली असतात. ती नऊ पंचवीसला बसमधे पाय ठेवतात आणि विचारतात, "ॲम आय टू अर्ली?" हे 'टू अर्ली' इतक्या वेळा ऐकून ड्रायव्हर लोकांनी ह्या जमातीचं नावच पाडलंय, ट्वर्ली. हे मला आजींनीच सांगितलं, आणि चांगल्या अभिमानानं सांगितलं. त्या स्वतः रोज सव्वानऊला स्टॉपवर येतात. नऊ सव्वीसची दिसली की हातानं पुढे पाठवतात, ड्रायव्हरला उगाच थांबायला लागू नये म्हणून. म्हणजे हा सगळा प्रकार सौजन्याचा होता. त्या सौजन्यात मी सापडलो.

"पण मग साडेनऊलाच का येत नाही?" मी विचारलं.

"घरात बसून काय करू, लव्ह?"

ह्याला उत्तर नाही. म्हटलं, एखाद्या दिवशी २ पौंड भरून जायचं. हे वाक्य मी बोलायला नको होतं. आजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना किडनी विकायला सांगितलीय. जन्मभर टॅक्स भरलाय त्यांनी. आणि आता तर जानेवारीपासून २ चे ३ करणार, गेल्याच आठवड्यात बजेटमधे सांगितलं, ऐकलंस की नाही? ऐकलं होतं हो. २ पौंड म्हणजे दोनशेच्या वर रुपये, हा गुणाकार माझ्या डोक्यात मी झोपेत असतानापण चालू असतो. आणि खरं सांगू का, तिथे मला जरा कडूच वाटलं. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज (इथल्या सरकारी दवाखान्यासाठीची फी) मी भरलाय, अजून एक रुपया कमावलेला नसताना, बँकेच्या कर्जातून, आणि गेल्या महिन्यात घसा धरला तेव्हा सकाळी आठपासून दवाखान्याचा फोन धरून बसल्यावर मला मिळालं काय, तर पॅरासिटामॉल घ्या आणि पाणी प्या. हे आमची आई फुकट सांगते. वर म्हणायचं काय, थँक यू. जाऊ दे.

मग मी माझा एकुलता एक हुकमी पत्ता काढला. म्हटलं, माझी आजी साताऱ्याला असते, ७८ वर्षांची आहे, महाराष्ट्रात ७५ च्या पुढे एसटी फुकट आहे २०२२ पासून.

"साडेनऊनंतर ना?"

"नाही. कधीपण."

"सकाळी आठला?"

"पहाटे पाचला."

आजी गप्प झाल्या. पिशवीचा दांडा ह्या हातातून त्या हातात घेतला. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आणि हात दाखवायला लागतो का?"

"लागतो. थांबेलच असं नाही."

हे ऐकून त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

एवढ्यात वरच्या बोर्डावर ९:३४ च्या बससमोर 'ड्यू' आलं. हे ड्यू म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे. ड्यू म्हणजे आलीच, एक पाऊल पुढे या, कार्ड हातात घ्या. मग तीन मिनिटं ड्यू. चार मिनिटं ड्यू. आणि मग ती ओळ बोर्डावरून गायब होते आणि खालची बस वर सरकते, जणू काही आलीच होती आणि तुम्हालाच दिसली नाही. कोणी काही बोलत नाही. आपल्याकडे एव्हाना स्टॉपवर सरकार पडलं असतं. इथे एका काकांनी फक्त घड्याळ बघितलं आणि "राइट" म्हणाले. तो इथला शिमगा.

आजींना मात्र विषय मिळाला. १९५९ साली, ह्याच नोव्हेंबरात, लीड्सची शेवटची ट्राम त्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितली होती, नऊ वर्षांच्या होत्या म्हणे (नऊ वर्षांची मुलगी खांद्यावर, पण मी मधे बोललो नाही). त्यानंतर सुपरट्राम येणार येणार म्हणाले, ती २००५ मधे रद्द. मग ट्रॉलीबस येणार म्हणाले, ह्याच रस्त्यावरून, ती २०१६ मधे रद्द. आता अजून काहीतरी येणार आहे. मी पुण्यात बीआरटी (बसची वेगळी लेन) बघून आलेला माणूस, मेट्रोची वाट बघत दाढी फुटलेला. इतके दिवसांत पहिल्यांदा कोणाचं तरी बोलणं ऐकून माहेरी आल्यासारखं वाटलं.

"इंडियाचा ना तू? तुमचा एक आमच्याकडे होता. छोटासा. कुरळ्या केसांचा."

मला वाटलं भाडेकरू असेल.

"क्रिकेट खेळायचा."

"सचिन?" माझा आवाज चिरकला.

"तोच तो."

आजींचा नवरा यॉर्कशरच्या क्रिकेट क्लबचा मेंबर होता. यॉर्कशरचा बाणा असा, की जो यॉर्कशरच्या हद्दीत जन्मला तोच यॉर्कशरकडून खेळणार, बाकी दुनिया गेली उडत. १९९२ ला ते मोडलं आणि पहिला परदेशी खेळाडू घेतला, सचिन, १९ वर्षांचा. त्याच्या आधी एक ऑस्ट्रेलियन ठरला होता, तो दुखावला म्हणून हा. नवऱ्यानं घर डोक्यावर घेतलं. आणायचाच होता बाहेरचा तर निदान मोठं माणूस तरी आणायचं, हे शाळेतलं पोर कशाला? दोन दिवस बायकोशी बोलला नाही, जसं काही तिनंच सही केली होती. मग एका सकाळी डबा घेऊन ग्राउंडवर गेला, संध्याकाळी आला, बूट काढले, चहा मागितला. आजींनी विचारलं, कसा आहे पोरगा? तर बराच वेळ कपात बघून म्हणाला, "नॉट बॅड."

"त्यानं आमच्या लग्नालासुद्धा एवढं म्हटलं नव्हतं," आजी म्हणाल्या.

मला खरंच भरून आलं हो. पावसात, ओली पँट, १० चा सेमिनार, समोर हेडिंग्लीची म्हातारी आणि सचिनची गोष्ट. मी बस, व्हिसा, सगळं विसरलो.

"आता काय करतो तो?"

"रिटायर झाला."

"मग पास असेल त्याला."

"नाही, ५१ चाच आहे अजून."

"हं. थांबावं लागेल." आणि चुकचुकल्या, त्याच्यासाठी.

९:४७ ला दोन बस एकदम आल्या, एकामागे एक, मुक्कामाला निघालेल्या पाहुण्यांसारख्या. आजी पहिल्या, रांगेत त्यांचा नंबर. पिशवी चढवली, मी चढवू लागलो तर नको म्हणाल्या, पास मशीनवर ठेवला, ड्रायव्हरला पावसाबद्दल दोन शब्द. मी मागे, माझ्या मागे काका, कोणी हूं नाही की चूं नाही. मी १०:१४ ला वर्गात पोचलो. हजेरीचा कोड पहिली दहा मिनिटं पडद्यावर असतो, मग जातो. मॅडमना म्हटलं, बस चुकली, तर म्हणाल्या अजिबात काळजी करू नकोस, आणि इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की हजेरी लागणार नाहीये हे मला संध्याकाळी ॲप उघडल्यावर कळलं. स्टुडंट व्हिसावर आहे मी, गैरहजेऱ्या साठल्या की ते वर कळवतात. कारण काय लिहायचं? आजींनी नको म्हटलं?

झालं, विषय संपला असं मला वाटत होतं. आज सकाळी दूध संपलं म्हणून शॉर्टवर नुसतं जाकीट चढवून कोपऱ्यावर गेलो, चार पाइंटचा कॅन घेतला आणि परत येताना जोराची सर आली, म्हणून पाच मिनिटं स्टॉपच्या शेल्टरखाली उभा राहिलो. माझं घर तिथून सहावं. आज मला कॉलेजच नाही.

आजी होत्याच. मला बघून चेहरा असा उजळला. शेजारच्या बाईंना म्हणाल्या, हाच तो, मंगळवारी माझ्यामुळे राहिला बिचारा, मला रात्री झोप नाही लागली. मी नको नको म्हणेपर्यंत नऊ सव्वीसची वळणावर दिसली आणि आजी पिशवी सोडून, पावसात, पार फुटपाथच्या कडेला गेल्या आणि त्यांनी हात दाखवला. काय हात दाखवला! क्रिकेटच्या अंपायरनं सिक्सला दाखवावा तसा, दोन्ही.

बस थांबली. दार उघडलं. ड्रायव्हर चक्रावलेला. "मी नाही, मी नाही," आजी त्याला म्हणाल्या, "ह्या मुलासाठी. नीट ने त्याला." आणि माझ्याकडे वळून अशा काही हसल्या, की सांगायची सोय नाही. अख्खी बस माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात दूध.

मी थँक यू सो मच म्हणालो, २ पौंड भरले, आणि चढलो. आजींनी बस वळेपर्यंत टाटा केला. पुढच्या स्टॉपला उतरलो, ड्रायव्हरला थँक यू म्हणालो, आणि परत त्यांच्यासमोरून जायला नको म्हणून मागच्या गल्लीनं, लांबून, पावसात, दूध घेऊन घरी आलो.