पाइप वीस फुटांचा, तार पंधरा फुटांवर

सकाळपासून बोअरची मोटार काढायचा तो व्हिडिओ पाच ग्रुपवर आलाय. चार पोरं, लोखंडी तिकाटणं, साखळी, मागं गाणं वाजायलंय आणि डोक्यावरून सरळ 11 केव्हीची (दोन तारांत 11 हजार व्होल्ट) लाइन गेलीय. खाली कमेंटा काय? "लै भारी", "एक नंबर टीम". अरे, एवढ्या माणसांत एकालाही तार दिसली नाही?

बोअरचा जीआय म्हणजे लोखंडी पाइप 20 फुटांचा. शेतातून जाणाऱ्या 11 केव्हीच्या उघड्या तारेची नियमातली कमीत कमी उंची 4.6 मीटर, म्हणजे 15 फूट. बसा हिशेब करत. त्यातही 15 फूट कागदावर. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खांब कलतो. खांबाला धरून ठेवणाऱ्या तिरप्या तारेला, म्हणजे ताणाला, नांगरताना ट्रॅक्टर घासला की तो ढिला होतो. उन्हानं तार तापली की झोळ अजून वाढतो. बोअर नेमका दोन खांबांच्या मधोमध, जिथं झोळ सगळ्यात जास्त. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला की जागा ठरली. नारळाला वरची तार कुठून दिसणार?

400 फुटांवर मोटार असेल तर 20 पाइप. काढताना 20 वेळा उभे, सोडताना परत 20 वेळा. एकोणचाळीस वेळा जमलं तरी उपयोग नाही.

व्हिडिओत एक पोरगं पाइप कवेत घेऊन उभं आहे. पायात स्लीपर, खाली बोअरच्या पाण्याचा चिखल. वर पाइपाचं टोक डुलतंय आणि ते बघतंय कॅमेऱ्याकडं. "चप्पल होती ना" म्हणणाऱ्यांनी ऐका: या लाइनच्या एका तारेत आणि जमिनीत सहा हजार व्होल्टच्या वर फरक असतो. ओली स्लीपर तिथं काय करणार? पाइप टेकायचीही गरज नाही, अगदी जवळ गेला की ठिणगी उडी मारते.

एक शहाणा लिहितो, "तेव्हा लाइन गेलेली होती." गेलेली लाइन म्हणजे मेलेली लाइन नव्हे हो! फीडर (उपकेंद्रातून निघालेली लाइन) ट्रिप झाला की उपकेंद्रातून परत चालू करून बघतात, तेव्हा तुम्हाला विचारायला कुणी येत नाही. दुसरं, कुणी चेंजओव्हर (लाइन तोडून जनरेटर जोडणारा स्विच) न बसवता जनरेटर लावला तर डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, उलटी चालते आणि वरच्या तारेत पुन्हा हजारो व्होल्ट उभे राहतात. खरा बंद म्हणजे उपकेंद्राचं परमिट, एबी स्विच (खांबावरचा लाइन तोडायचा स्विच) खाली, त्याची तिन्ही पाती उघडली का ते डोळ्यांनी बघणं (एखादं हमखास अडकतं), आणि मग कामाच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारा अर्थिंग रॉडनं जमिनीला जोडणं. हे लाइनमनचं काम. गावातल्या झिरो, म्हणजे बिननेमणुकीच्या, वायरमनचं नाही, आपलं तर नाहीच.

मान्य, बंद मागितला की हेलपाटे घालावे लागतात आणि तोवर ऊस वाळतो.

त्या पोरांवर तरी किती चिडायचं म्हणा. त्यांना बोलावणाऱ्यानं आधी वर बघायला पाहिजे होतं. बाहेरच्या तारेच्या बरोबर खालून 30 फूट बाजूला बोअर असेल तरच 20 फुटी पाइप उभा करा. आडवा कोसळला तरी तारेला लागू नये. जागा नसेल तर पाइप आडवेच राहू द्या, आधी बंद घ्या. "एचडीपीई (प्लास्टिकचा पाइप) टाकू" म्हणाल, तर त्यातलं पाणी आणि सोबतचा स्टीलचा दोर विसरू नका.

आणि पाइप तारेला चिकटलाच, तर पाइप धरलेल्या माणसाला ओढायला धावू नका. सुकी काठीही नको, 11 केव्हीला काठी कळत नाही. 1912 किंवा उपकेंद्राला फोन करून लाइन बंद करवा. जवळ उभे असलेल्यांनी पावलं जोडून, न उचलता, घासत घासत निदान 10 मीटर लांब जावं. लांब ढांग टाकली की दोन पायांखालच्या जमिनीत व्होल्टेजचा फरक पडतो आणि करंट पायातून वर चढतो. बैल आधी मरतो तो यामुळंच, त्याचे पुढचे-मागचे पाय लांब असतात.

व्हिडिओत मोटार वर आलीय, सगळे हसायलेत. पण जळालेली मोटार वाइंडिंग भरायला गेली असणार. दोन-तीन दिवसांत ती येईल आणि तेच पाइप त्याच तारेखाली परत उभे राहतील. तिकाटण्याच्या मागं निळी टाकी आणि पडकी विहीर दिसतेय. शिवार ओळखीचं वाटलं तर कमेंट नका करू, त्या माणसाला आजच फोन लावा.